घरगुती सर्किट बोर्डाच्या भोकांना तांब्याचा मुलामा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोकाला मुलामा द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

दोन्ही बाजूंना तांब्याचा पत्रा असलेल्या बोर्डात भोक पाडले की वरचे तांबे आणि खालचे तांबे यांच्यामध्ये १.६ मिमी जाडीची काचतंतू आणि इपॉक्सीची भिंत उघडी पडते, आणि ही भिंत विजेची वाहक नसते. त्या भिंतीवर आतून तांब्याची सलग नळी उभी करायची, जेणेकरून वरचा मार्ग खालच्या मार्गाला जोडला जाईल आणि सोल्डर भोकातून वरपर्यंत चढेल, एवढेच हे काम आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या बोर्डांसाठी प्रचलित असलेल्या आयपीसी-६०१२ या मानकात दुसऱ्या श्रेणीच्या बोर्डाला या नळीची सरासरी जाडी २० मायक्रॉन आणि तिसऱ्या श्रेणीला २५ मायक्रॉन अपेक्षित असते. घरच्या कामातही २० ते २५ मायक्रॉन हेच लक्ष्य ठेवावे.

प्रत्येक दुहेरी बोर्डासाठी हे करणे आवश्यक आहे का?

नाही. बोर्डावर दहा-पंधराच जोडभोके, म्हणजे दोन्ही बाजूंचे मार्ग जोडणारी भोके, असतील तर त्यांतून तांब्याची बारीक तार ओवून दोन्ही बाजूंना सोल्डर करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. भोके थोडी मोठी असतील तर पोकळ रिव्हेट ठोकून त्यांच्या कडा सोल्डर करता येतात. मात्र ज्या भागाच्या खाली हात पोचत नाही, उदाहरणार्थ बोर्डाला चिकटून बसणारा कनेक्टर किंवा आयसीचा (चिपचा) सॉकेट, तेथे वरच्या बाजूने सोल्डर करणे शक्य नसते आणि मुलाम्याची खरी गरज तेथे जाणवते. भोकांची संख्या शंभराच्या पुढे गेली की तारा ओवण्यात जाणारा वेळही मुलाम्याच्या वेळेपेक्षा जास्त होतो.

बोर्ड सरळ मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात बुडवून वीज सोडली तर भोकांतही तांबे बसणार नाही का?

बसणार नाही. विद्युत मुलाम्यात तांबे फक्त तेथेच बसते जेथे इलेक्ट्रॉन पोचतात, आणि इपॉक्सीच्या भिंतीवर ते पोचत नाहीत. बोर्डाच्या पृष्ठभागावर तांबे चढत राहील, भोकाची कड थोडी जाड होईल, पण मधली भिंत तास-दोन तासांनंतरही कोरीच दिसेल. म्हणून भिंत आधी कशाने तरी वाहक करावी लागते. या कामातले यश आणि अपयश याच पायरीवर ठरते. टाकीत वीज चालू करण्याच्या आधीच भोकाचे भवितव्य बहुतांशी निश्चित झालेले असते, आणि नंतर द्रावणात कितीही सुधारणा केल्या तरी कच्ची राहिलेली भिंत भरून निघत नाही.

कारखान्यात भिंत वाहक कशी करतात आणि तीच पद्धत घरी का वापरू नये?

पारंपरिक पद्धतीत भोकाच्या भिंतीवर पॅलेडियम आणि कथील यांचे अतिसूक्ष्म कण बसवतात, मग विजेशिवाय तांबे बसवणाऱ्या द्रावणात बोर्ड बुडवतात. पॅलेडियम उत्प्रेरकाचे काम करते आणि भिंतीवर तांब्याचा अगदी पातळ थर येतो; त्यावर पुढे विद्युत मुलामा चढवतात. पॅलेडियम महाग आहे, त्याचे द्रावण जपावे लागते, आणि विजेशिवाय तांबे बसवणाऱ्या द्रावणात सामान्यतः फॉर्माल्डिहाइड असते, जे कर्करोगकारक आहे. राहत्या घरात हे द्रावण उघडे ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यांतही आता अनेक ठिकाणी कार्बन, ग्रॅफाइट किंवा वाहक पॉलिमर यांचा थर देऊन थेट विद्युत मुलामा करतात. घरी अनुकरण करायचे तर या दुसऱ्या वाटेचे करावे.

मग घरी कोणते पर्याय उरतात?

प्रत्यक्षात तीन. पहिला पर्याय कार्बनची वाहक शाई किंवा ग्रॅफाइटचे पाण्यातले मिश्रण. दुसरा पर्याय चांदीच्या कणांची वाहक शाई. ती कार्बनपेक्षा कितीतरी चांगली वाहक असते, परंतु महाग पडते आणि तिचे चिकटणे तिच्यातल्या राळेवर अवलंबून राहते. तिसरा पर्याय तांब्याच्या हायपोफॉस्फाइटचा: मोरचूद, कॅल्शियम हायपोफॉस्फाइट आणि अमोनिया यांच्यापासून केलेले द्रावण भोकांत भरून बोर्ड तापवला की संयुगाचे विघटन होऊन भिंतीवर तांब्याचे बारीक कण उरतात. परिणाम सुंदर येतात हे खरे, पण हायपोफॉस्फाइट तापवताना फॉस्फिन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो आणि कोरडे झालेले संयुग पेटण्याचाही धोका असतो. वायू बाहेर खेचणारी बंदिस्त व्यवस्था नसेल तर या वाटेला जाऊ नये. उरलेल्या उत्तरांत मी कार्बनची पद्धतच गृहीत धरली आहे, कारण ती स्वस्त आहे, तिच्यात जीवघेणे असे काही नाही, आणि चुकले तर धुऊन पुन्हा सुरुवात करता येते.

भोके पाडताना कोणती काळजी घ्यावी?

एफआर-४, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीच्या, बोर्डातली काच साध्या पोलादी ड्रिल बिटची धार थोड्याच भोकांत घालवते. बोथट बिट कापत नाही, तो घासतो. घासण्याने उष्णता वाढते, इपॉक्सी मऊ होऊन भिंतीवर माखते आणि काचतंतू तुटण्याऐवजी उपटले जातात. अशी भिंत भिंगाखाली चिंध्या लोंबकळल्यासारखी दिसते आणि तिच्यावर कोणताही थर सलग बसत नाही. म्हणून कार्बाइड बिट, जास्तीत जास्त फेरे आणि बोर्डाच्या खाली एक टाकाऊ पाट घट्ट दाबून धरणे या तीन गोष्टींत तडजोड करू नये. कार्बाइड बिट हातात धरलेल्या यंत्रात टिकत नाही, किंचित कलला तरी मोडतो. त्यासाठी स्टँड लागतोच.

भोके पाडून झाल्यावर कडेला उभी राहिलेली तांब्याची कड बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून काढावी. काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून कोरडे घासू नये आणि भोके पाडताना मास्क घालावा. त्यानंतर बोर्ड साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुऊन प्रत्येक भोकातून पाण्याची धार जाऊ द्यावी. उजेडासमोर धरल्यावर एखादे भोक अंधूक दिसले तर त्यात भुकटी अडकलेली आहे असे समजावे.

भोक किती मोठे पाडावे?

दोन्ही बाजूंनी भिंत जाड होणार असल्यामुळे हव्या असलेल्या मापापेक्षा ०.१ मिमी मोठा बिट वापरावा. घरी ०.६ मिमीपेक्षा लहान भोकांच्या मागे लागू नये.

कार्बनचा थर प्रत्यक्षात कसा द्यावा?

स्वच्छ, कोरडा बोर्ड शाईत उभा बुडवून हळूहळू वर-खाली करावा, म्हणजे प्रत्येक भोकात शाई शिरते. बाहेर काढल्यावर भोकांत शाईचे पडदे तयार झालेले असतात. ते तसेच वाळू दिले तर भोक बुजते, म्हणून बोर्डाच्या एका बाजूने व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवून जास्तीची शाई ओढून घ्यावी. भिंतीवर उरते तेवढीच हवी असते. नंतर बोर्ड ८० ते १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास सुकवावा आणि ही सगळी क्रिया पुन्हा एकदा करावी. माझ्या अनुभवात दुसरा थर ही चैन नाही. पहिल्या थरात काचतंतूंच्या टोकांभोवती राहिलेल्या फटी दुसऱ्या थरातच बुजतात.

शाई निवडताना तिच्यात बांधणीसाठी वापरलेल्या द्रव्याकडे लक्ष द्यावे. चित्रकलेच्या काळ्या शाईतही कार्बन असतो, पण तिच्यातली लाख कणांभोवती वेष्टण करून त्यांना एकमेकांपासून तोडते आणि वाळलेला थर काळा असूनही वाहक नसतो. काचेच्या पट्टीवर शाईची रेघ ओढून, वाळवून, एक सेंटिमीटर अंतरावर मीटरची टोके टेकवून पाहावीत. रोध काही हजार ओहमच्या आत असेल तर काम होते, मीटर काहीच दाखवत नसेल तर ती शाई बाजूला ठेवावी.

थर वाळल्यावर बोर्डाच्या पृष्ठभागावरचा सगळा कार्बन घासून काढणे ही सर्वाधिक दुर्लक्षित पायरी आहे. कार्बनवर बसलेले तांबे खालच्या तांब्याला कधीच घट्ट धरत नाही. बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून पृष्ठभाग लख्ख करावा, बोटाने घासू नये, कारण बोट भोकाच्या तोंडाशी आत दबते आणि तेथलाच कार्बन निघून जातो. त्यानंतर सोडियम परसल्फेटच्या सौम्य द्रावणात, म्हणजे लिटरला सुमारे १०० ग्रॅम, बोर्ड अर्धा मिनिट बुडवावा. तांब्याचा अगदी वरचा पापुद्रा विरघळतो आणि भोकाच्या कडेवर चिकटून राहिलेला कार्बन त्याच्याबरोबर सुटतो. इपॉक्सीवरचा कार्बन मात्र जागेवर राहतो.

मीटरने तपासले तर भोक वाहक झाले आहे की नाही हे कळेल का?

एचिंगच्या, म्हणजे नको असलेले तांबे रसायनाने विरघळवून मार्ग कोरण्याच्या, आधी नाही. बोर्डाची एक बाजू हा एक अखंड पत्रा आणि दुसरी बाजू हा दुसरा अखंड पत्रा असल्यामुळे मीटर सगळ्या भोकांचा समांतर रोध एकत्र दाखवतो. शंभरांपैकी नव्वद भोके कोरी असली तरी उरलेल्या दहांमुळे आकडा चांगलाच दिसतो. या टप्प्यावर डोळा आणि भिंग हेच साधन आहे: भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी काळी दिसली पाहिजे.

मुलाम्याचे द्रावण कसे तयार करावे?

पृष्ठभागाच्या सजावटीसाठी वापरतात त्या द्रावणात तांबे जास्त आणि आम्ल कमी असते. भोकांसाठी प्रमाण उलटे लागते, कारण आम्ल जास्त असले की द्रावणाची वाहकता वाढते आणि भोकाच्या आत आणि बाहेर करंट अधिक सारखा वाटला जातो. एक लिटरसाठी ७५ ग्रॅम मोरचूद आणि सुमारे २०० ग्रॅम शुद्ध सल्फ्युरिक आम्ल हे चांगले प्रमाण आहे. मोटारीच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणाऱ्या, १.२८ घनतेच्या आम्लात लिटरमागे साधारण ४७० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असते, म्हणून त्याचे ४२५ मिलिलिटर पुरतात. आधी मोरचूद ४५० मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून गाळून घ्यावे, गार होऊ द्यावे, मग त्यात आम्ल थोडे थोडे ओतावे आणि शेवटी पाणी घालून एक लिटर करावे. आम्ल पाण्यात ओतायचे असते, पाणी आम्लात कधीही नाही. पिकांवर फवारण्यासाठी मिळणारे मोरचूद पुरेसे शुद्ध असेलच असे नाही, म्हणून शुद्ध दर्जाचे घ्यावे.

याशिवाय लिटरमागे ५० ते ८० मिलिग्रॅम क्लोराइड लागते. १०० मिलिग्रॅम साध्या मिठातून साधारण ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळते, म्हणजे खरोखर चिमूटभरही नाही. दहा ग्रॅम मीठ एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले १० मिलिलिटर घेतले की मोजमाप नेमके होते. नळाच्या पाण्यात किती क्लोराइड आहे हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळेच डिस्टिल्ड पाण्याचा आग्रह धरला आहे.

चकाकी आणणारी द्रव्ये घालणे खरोखर आवश्यक आहे का?

आहे, आणि कारण चकाकीचे नाही. केवळ मोरचूद आणि आम्ल यांच्या द्रावणातून येणाऱ्या तांब्याचे स्फटिक मोठे आणि थर ठिसूळ असतो. सोल्डर करताना इपॉक्सी बोर्डाच्या जाडीच्या दिशेने जोरात फुगते: खोलीच्या तापमानापासून २६० अंशांपर्यंत तापवले तर १.६ मिमी जाडीचा साधा एफआर-४ बोर्ड ढोबळमानाने ६० मायक्रॉन वाढू पाहतो, आणि तेवढ्याच उंचीची तांब्याची नळी मात्र फक्त सहा-सात मायक्रॉन वाढते. हा ताण नळीला स्वतः ताणून सोसावा लागतो. ठिसूळ नळी तेथेच, मधोमध तुटते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि सल्फरयुक्त सेंद्रिय द्रव्य असलेले, आम्लयुक्त तांब्यासाठीचे तयार मिश्रण घ्यावे आणि उत्पादकाने सांगितलेले प्रमाण पाळावे. जास्त घातल्याने थर चांगला होत नाही, उलट ठिसूळपणा परत येतो.

ॲनोड कोणता वापरावा?

ॲनोड म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेले, द्रावणात विरघळत जाणारे तांबे. त्यासाठी ०.०४ ते ०.०६ टक्के फॉस्फरस असलेले तांबे सर्वांत योग्य. त्याच्यावर काळी पातळ साय धरते आणि ते समान रीतीने विरघळते. ही साय खरवडून काढू नये. साधी तांब्याची पट्टी वापरली तर तिच्यातून बारीक कण सुटतात आणि बोर्डावर बसून खडबडीतपणा आणतात. पर्याय नसेल तर पट्टीला घट्ट विणीच्या पॉलिप्रॉपिलीन कापडाची पिशवी घालावी. ॲनोड बोर्डाच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर हवेत.

करंट किती आणि वेळ किती?

दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर या वेगाने तासाला १३.२ मायक्रॉन तांबे बसते; हा फॅरडेच्या नियमातून निघणारा आकडा आहे आणि या द्रावणात तो जवळजवळ तंतोतंत लागू होतो. १० बाय ८ सेंटिमीटरच्या बोर्डाच्या दोन्ही बाजू मिळून १.६ चौरस डेसिमीटर होतात. चौरस डेसिमीटरला १.५ अँपिअर धरले तर २.४ अँपिअर सोडावे लागतात आणि २५ मायक्रॉनला सव्वा तास लागतो. भोकाच्या आत पृष्ठभागापेक्षा कमीच बसते, म्हणून मी पंधरा-वीस मिनिटे वाढवून धरतो.

सुरुवात मात्र याच्या एक तृतीयांश करंटने करावी. कार्बनचा रोध तांब्याच्या तुलनेत प्रचंड असल्यामुळे तांबे भिंतीवर एकदम बसत नाही. ते दोन्ही कडांपासून आत सरकत जाते आणि मध्ये येऊन मिळते. हे मिळणे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे, घाई केल्यास कडाच जाड होत जातात.

किती तांबे बसले हे वजनावरून पडताळता येते. वरच्या बोर्डावर २५ मायक्रॉनचा थर बसला तर वजन ३.६ ग्रॅमने वाढले पाहिजे. वजन बरेच कमी भरले तर करंट बोर्डाऐवजी टांगणीच्या उघड्या तारेवर खर्च होत आहे किंवा संपर्क ढिला आहे.

भोकाच्या मध्यभागी थर पातळ का राहतो?

तीन कारणांपैकी एक असते: करंट जास्त, द्रावण स्थिर, किंवा भोकात अडकलेली हवा. तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण एक बुडबुडा अडकला की त्या भोकात काहीच होत नाही आणि शेजारची भोके उत्तम दिसतात. बोर्ड बुडवताना तिरका सरकवावा, पाण्याखाली टांगणीला टिचकी मारावी, आणि मुलामा चालू असताना बोर्ड ॲनोडच्या दिशेने पुढे-मागे हलत ठेवावा, म्हणजे द्रावण भोकांतून आरपार जाते. बोर्ड बाजूला, म्हणजे स्वतःच्याच प्रतलात, हलवण्याचा भोकांना फारसा उपयोग होत नाही. जुन्या वायपरच्या मोटरवर बसवलेला दांडा या कामाला पुरतो.

आधी मुलामा की आधी एचिंग?

आधी मुलामा. एचिंग झाल्यावर मार्ग एकमेकांपासून तुटलेले असतात आणि प्रत्येकाला करंट पोचवणे अशक्य होते. पण मुलाम्यानंतरच्या एचिंगमध्ये भोकातले तांबे वाचवायचे असते. ड्राय फिल्म, म्हणजे तांब्यावर चिकटवायची प्रकाशसंवेदी फिल्म, हा येथे उत्तम उपाय आहे, कारण ती भोकावर तंबूसारखी ताणून बसते आणि तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड आत शिरू देत नाही. त्यासाठी भोकाभोवतीची चकती सर्व बाजूंनी किमान ०.२ मिमी रुंद ठेवावी. लेझर प्रिंटरच्या टोनरने मार्ग बोर्डावर उतरवण्याची पद्धत येथे चालत नाही, टोनर भोकावर पूल बांधू शकत नाही. पृष्ठभागावरचे तांबेही मुलाम्याने जाड होते, म्हणून ३५ मायक्रॉनऐवजी १८ मायक्रॉन तांब्याचा बोर्ड घेतला तर बारीक मार्ग कोरणे सोपे जाते.

भोक चांगले झाले आहे हे खात्रीने कसे ओळखावे?

एका बोर्डावर मी सगळी जोडभोके मीटरने तपासली होती आणि एकही नापास झाले नव्हते. तीन पिनांचा कनेक्टर बसवला, एकदा काढून पुन्हा सोल्डर केला, आणि मधली पिन वरच्या बाजूला तुटली. तो तुकडा कापून, भोकाच्या मध्यापर्यंत घासून, भिंगाखाली धरला. दोन्ही कडांकडून आलेली गुलाबी भिंत आत निमुळती होत गेली होती आणि मध्ये केसाएवढा काळा पट्टा उघडा होता. एका बाजूला धाग्याएवढ्या तांब्याने दोन्ही भाग जोडलेले होते. मीटरने तो धागा पाहिला होता. सोल्डरच्या उष्णतेने इपॉक्सी फुगली आणि धागा तुटला.

तेव्हापासून प्रत्येक बोर्डाच्या कडेला मी पाच-सहा भोके केवळ कापण्यासाठी जास्तीची पाडतो. त्यांतली दोन आधी वितळलेल्या सोल्डरवर दहा सेकंद ठेवावीत, मग कापून पाहावे. भिंत सलग, मधली जाडी कडेच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक, आणि कोपऱ्यावर भेग नाही, एवढे दिसले पाहिजे. रोध मोजायचाच असेल तर एचिंगनंतर भोकातून १ अँपिअर सोडून दोन्ही टोकांमधला विद्युत दाब (व्होल्टेज) मोजावा: ०.८ मिमी भोकात २५ मायक्रॉनची नळी असेल तर तो अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत येतो.

सोल्डर करताना भोकातून बुडबुडे का फुटतात?

भिंतीच्या फटीत अडकलेला ओलावा वाफ होऊन बाहेर येतो. बोर्ड सोल्डर करण्याआधी १०५ अंशांना दोन तास वाळवल्याने बुडबुडे थांबतात, पण थर सच्छिद्र आहे ही मूळ खूण विसरू नये.

थर खडबडीत किंवा काळपट आला, किंवा सोलून निघाला तर?

कडांवर काळपट आणि भुकटीसारखा थर म्हणजे करंट जास्त. सर्वत्र बारीक पुळ्या म्हणजे द्रावणात कण, गाळून घ्यावे. पापुद्रा सोलून निघतो तेव्हा दोष पृष्ठभागावर उरलेल्या कार्बनचा किंवा बोटांच्या तेलकटपणाचा असतो. परसल्फेटनंतर बोर्ड हाताने धरू नये, धुऊन दहा टक्के आम्लात क्षणभर बुडवावा आणि ओला असतानाच टाकीत न्यावा.

उरलेले द्रावण आणि धुण्याचे पाणी यांचे काय करावे?

मुलाम्याचे द्रावण झाकून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. ते फेकण्याची वेळ क्वचितच येते. धुण्याचे पाणी मात्र प्रत्येक वेळी तयार होते, आणि त्यातले तांबे थोडे असले तरी मासे आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना विषारी असते, म्हणून ते गटारात सोडू नये. ते बादलीत साठवून त्यात धुण्याचा सोडा हळूहळू घालावा. आधी फेस येतो, आम्ल संपले की निळसर-हिरवा गाळ खाली बसू लागतो. एक दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ पाणी वेगळे करावे, गाळ वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा. काम करताना चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, आणि अंगावर आम्ल उडाल्यास भरपूर पाण्याने लगेच धुवावे.

सगळा बोर्ड चांगला आणि एकच भोक कोरे राहिले तर पुन्हा मुलामा द्यावा का?

एचिंग झालेले नसेल तर तेवढ्या भोकात शाई भरून, वाळवून, कड घासून अर्धा तास पुन्हा टाकीत टांगता येते. एचिंग झाले असेल तर त्या भोकात तार ओवून दोन्ही बाजूंना सोल्डर करावे.